तापीचा पूर आणि मधुमेही

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी एक म्हण गुजरातेत जुन्या काळापासून चालत आलेली आहे. मनुष्याने जेवावे तर सुरतेत आणि देह ठेवावा तर काशीत, असा तिचा आशय. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याच्या रात्री, तुपाने थबथबलेल्या घारीचा समाचार घेताना ज्यांनी सुरतकरांना पाहिले असेल, त्यांना या म्हणीच्या पूर्वार्धाविषयी शंका उरणार नाही. अशा खवय्या नगरात मधुमेहाने आपले ठाणे मांडावे यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु हा आरोप घारीवर करणे सर्वस्वी न्यायाचे नाही. ज्या बालकाने घारी कधी चाखलीही नसेल त्यालाही मधुमेह जडू शकतो. आणि आता तर हा रोग कोणा एका नगराचा किंवा एका वर्गाचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत. इतकी माणसे ज्या देशात नियमित अन्न, नियमित औषध आणि नियमित विश्रांती यांवर अवलंबून आहेत, त्या देशात एखाद्या रात्री नदी घरात शिरली म्हणजे या माणसांचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. तो विचारावयाचा तर सुरतेसारखे दुसरे शहर शोधून सापडणे कठीण.

मराठी माणसाला तापी परकी नाही. बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावून बऱ्हाणपुरावरून ती खानदेशात उतरते. भुसावळ, जळगाव, धुळे या भागांतील पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्यांचे पाणी पोटात घेते आणि मग गुजरातेत शिरते. खानदेशात सलग तीन दिवस पाऊस कोसळला की त्याची बातमी सुरतेला पाण्याच्याच रूपाने पोहोचते. पाण्याप्रमाणे माणसेही याच वाटेने गेली. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने खानदेशातील सहस्रावधी कुटुंबे मागांवर काम करण्यासाठी सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत स्थायिक झाली. तेथील गल्ल्यांत अहिराणी आणि मराठी सर्रास कानी पडते. तेव्हा सुरतेच्या पुराची कथा ही काही अंशी मराठी घरांचीही कथा आहे.

ही कथा जुनी आहे. १८३७ साली प्रथम भीषण आगीने आणि मग त्याच वर्षीच्या पुराने हे शहर असे काही उद्ध्वस्त केले की एके काळच्या या वैभवशाली बंदराला पुढे कित्येक वर्षे डोके वर काढता आले नाही. १८८३ साली पुन्हा मोठा पूर आला. तत्पूर्वी सहा वर्षे, १८७७ साली, तापीवर होप पूल उभा राहिला होता. आणि तेव्हापासून आजतागायत या पुलाशी पाणी किती चढले यावर सुरतकर आपल्या संकटाचे माप घेत आले आहेत. तेथील धोक्याची पातळी साडेनऊ मीटरची. १९६८ च्या ऑगस्टात नदीतून दर सेकंदाला सुमारे पंधरा लाख घनफूट पाणी लोटले. त्यानंतर चार वर्षांनी, १९७२ साली, सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाईचे धरण पूर्ण झाले, आणि आता तापी वेसणीत आली असे लोक मानू लागले. धरणाने पुष्कळ वर्षे शहराचे रक्षण केले हे खरे. परंतु जे धरण लहान पूर अडविते ते मोठ्या पुराचा विसर पाडते. नदीच्या पूरपात्रात घरे उठली, दुकाने उठली, आणि ज्या पिढीने १९६८ पाहिले नव्हते ती तळमजल्यावर निर्धास्त झोपू लागली.

२००६ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तापीच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला. उकाईचा जलाशय भरत आला आणि ७ ऑगस्टपासून धरणातून सोडले जाणारे पाणी वाढत वाढत सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफुटांवर गेले. जलाशय आधी रिकामा का ठेवला नाही, पाणी टप्प्याटप्प्याने का सोडले नाही, यावर पुढे बराच वाद माजला. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. होप पुलाशी पाणी बारा मीटरच्या वर गेले. त्यात ९ ऑगस्ट हा राखीपौर्णिमेचा दिवस. पौर्णिमेचे उधाण खंभातच्या आखातात मोठे असते. समुद्र वर चढलेला, तेव्हा नदीचे पाणी जावे कोठे? शहराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर, अठवा या भागांत तळमजले बुडाले. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, पिण्याचे पाणी थांबले. लक्षावधी माणसे गच्च्यांवर आणि वरच्या मजल्यांवर अडकून पडली. लष्कराच्या होड्या आल्या, हेलिकॉप्टरांनी अन्नाची पाकिटे टाकली. मृतांचा सरकारी आकडा दीडशेच्या आसपास होता. तो खरा याहून मोठा असावा असे म्हणणारे तेव्हाही होते.

या गच्च्यांवर कोण कोण उभे होते? चोवीस लाखांहून अधिक वस्तीच्या त्या शहरात (ही संख्या २००१ च्या जनगणनेची) मधुमेही सहस्रावधी असणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला मात्र त्यांच्यात आणि इतरांत काही भेद दिसणे शक्य नव्हते. तहानलेला मनुष्य हात हलवितो, जखमी मनुष्य झोपलेला दिसतो, तान्हे मूल रडते. मधुमेही मनुष्य पहिल्या दिवशी इतरांसारखाच दिसतो. दुसऱ्या दिवशी थोडा थकलेला. आणि तिसऱ्या दिवशी तो आजारी आहे हे जेव्हा शेजाऱ्यांच्या ध्यानात येते तेव्हा पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. औषधाचे दुकान हे बहुधा तळमजल्यावर असते. घरातला फ्रीजही बैठ्या घरात किंवा खालच्या मजल्यावरच असतो. ज्या दोन ठिकाणी मधुमेह्याचे जीवन ठेवलेले असते, तेथेच पाणी आधी पोहोचते.

या परावलंबनाचा इतिहास फार जुना नाही. मधुमेह हा रोग चरक-सुश्रुतांना ठाऊक होता. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या ओढल्या जातात हे आपल्या प्राचीन वैद्यांनी टिपून ठेवलेले आहे. परंतु ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन मुळीच तयार होत नाही, त्यांना विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत कोणी वाचवू शकत नसे. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन त्यांना जवळजवळ उपाशी ठेवून आयुष्याचे काही महिने वाढवीत, इतकेच. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला प्राण्याच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोचण्यात आला. पहिला प्रयत्न फसला. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क अधिक शुद्ध केला आणि बारा दिवसांनी पुन्हा टोचला, तेव्हा मुलाची साखर उतरली. बँटिंग, बेस्ट आणि मॅकलिऑड यांची नावे या शोधाशी कायमची जोडली गेली. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅकलिऑड यांना मिळाले. मरणाच्या दारातून मुले परत आली, परंतु त्यांच्या जीवनाची दोरी आता एका कुपीला बांधली गेली. ती कुपी रोज मिळाली पाहिजे, ती खराब होता कामा नये, आणि ती टोचण्याचे साधन हाताशी असले पाहिजे. शांततेच्या काळात या गोष्टी इतक्या सहज घडतात की त्यांत काही विशेष आहे असे कोणास वाटत नाही.

त्या कुपीचे मोल काय ते कळण्यासाठी शांघायकडे वळावे लागते. ईव्हा सॅक्सल ही चेक तरुणी आणि तिचा पती व्हिक्टर हे युरोपातील ज्यूंच्या छळातून निसटून चीनमध्ये आलेले निर्वासित. तेथेच ईव्हाला मधुमेह जडला. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला, औषधांची दुकाने बंद झाली आणि इन्सुलिन येईनासे झाले. काळ्या बाजारातील कुपीचा भरवसा नव्हता. तेव्हा या पती-पत्नींनी वैद्यकाचे एक पाठ्यपुस्तक मिळविले. त्यात टोरोंटोच्या पद्धतीचे वर्णन होते. एका चिनी रसायनशास्त्रज्ञाने त्यांना प्रयोगशाळेत जागा दिली. खाटकांकडून पाणम्हशींची स्वादुपिंडे आणून त्यांनी ती पद्धत पुनः पुन्हा करून पाहिली. तयार झालेला द्रव तपकिरी रंगाचा होता. तो आधी सशांवर तपासला आणि मग माणसावर प्रथम कोणावर वापरावा असा प्रश्न आला, तेव्हा ईव्हाने स्वतःच टोचून घेतला. ती जगली, आणि तिच्यासह शांघायमधील दोनशेहून अधिक मधुमेही युद्ध संपेपर्यंत त्या तपकिरी द्रवावर जगले. ईव्हा पुढे दक्षिण अमेरिकेत चिली देशात राहिली आणि २००२ साली वार्धक्याने वारली.

शांघायचे संकट युद्धाचे होते, निसर्गाचे नव्हते. परंतु रुग्णाच्या दृष्टीने दोहोंत फार अंतर नसते. म्हशीच्या दुधावर पोसलेल्या सुरतेत ही कथा सांगितली तर श्रोते म्हणतील, म्हशी आमच्याकडेही आहेत! गंमत बाजूस ठेवली तर ईव्हा सॅक्सलच्या कथेत जितके धैर्य आहे तितकेच एक कठोर सत्यही आहे. तिला काही महिने मिळाले. पुरात अडकलेल्या मुलाला ते मिळत नाहीत. ज्याच्या शरीरात इन्सुलिन मुळीच नाही, त्याची सुई चुकली की एक-दोन दिवसांत रक्तात आम्ले साठू लागतात, उलट्या होतात, श्वास जड होतो आणि शुद्ध हरपते. प्रौढ वयातील मधुमेही, जे गोळ्यांवर असतात, ते इतक्या त्वरेने कोसळत नाहीत; परंतु त्यांच्यापुढे वेगळे धोके असतात आणि त्यांकडे लक्ष जाणे अधिक कठीण असते.

सुरतेने याहून निराळाही एक धडा अनुभवला होता. १९९४ च्या पावसाळ्यात शहराच्या सखल भागांत पुराचे पाणी साचले होते. ऑगस्टात मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात मामला या गावी ग्रंथिक प्लेगाचे रुग्ण आढळले होते, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग असल्याची वार्ता पसरली. पाहता पाहता काही लाख माणसांनी शहर सोडले. खानदेशाकडे, सौराष्ट्राकडे, उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवण्यास जागा उरली नाही. प्लेगाने घेतलेले बळी पन्नासच्या आसपास होते, म्हणजे भीतीच्या मानाने फारच थोडे. परंतु पळालेल्यांत खाजगी डॉक्टर मोठ्या संख्येने होते. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिसेनाशा झाल्या. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका जागेवर राहिल्या व त्यांनी शहराची लाज राखली, हे येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु ज्या वृद्ध मधुमेह्याचा डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून गेला, त्याला प्लेग झालेला नव्हता. म्हणून त्याची गणना कोणत्याच यादीत झाली नाही. त्यानंतर, १९९५ साली महापालिका आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी शहर स्वच्छ केले. त्या कामगिरीची कीर्ती देशभर झाली आणि ती योग्यच होती.

न गणलेली ही माणसे इतरत्र मात्र हळूहळू गणली जाऊ लागली. जपानमध्ये कोबे येथे १७ जानेवारी १९९५ रोजी मोठा भूकंप झाला. त्यानंतर तेथील डॉक्टरांनी आपल्या मधुमेही रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा भूकंपापूर्वीच्या मानाने त्यांची साखर चढलेली आढळली. भय, जागरण, अवेळी अन्न आणि औषधातील खंड ही कारणे. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हाही तेथील पाहणीत हेच दिसले. परंतु सर्वांत बोलका हिशेब कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको बेटाचा. २० सप्टेंबर २०१७ रोजी तेथे मारिया हे वादळ धडकले आणि कित्येक भागांत महिनोगणती वीज नव्हती. सरकारी मृतसंख्या ६४ सांगितली गेली. पुढील वर्षी घरोघर केलेल्या एका पाहणीने वादळानंतरच्या महिन्यांत नेहमीपेक्षा अधिक झालेल्या मृत्यूंचा अंदाज साडेचार हजारांवर नेला, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार न मिळाल्याने किंवा लांबल्याने झाले असे सांगितले. सरकारने अखेर आपला आकडा २,९७५ वर नेला. ६४ आणि २,९७५ यांच्यामध्ये जी माणसे आहेत ती वाऱ्याने उडून गेलेली नाहीत आणि पाण्यात बुडालेलीही नाहीत. त्यांत ज्यांचा फ्रीज बंद पडला असे आहेत, ज्यांचे यंत्र थांबले असे आहेत, ज्यांना डॉक्टरापर्यंत रस्ता मिळाला नाही असे आहेत.

मदत करणाऱ्यांच्या हेतूविषयी कोठेच शंका नसते. मदत मात्र कित्येकदा रुग्णाच्या वाटेत येते. गुजरातेत संकट आले की गावोगावच्या स्त्रिया रात्रभर जागून सुखडी थापतात, गाठिया तळतात, पुऱ्या लाटतात. २००१ च्या भूकंपात कच्छला अशीच पाकिटे गेली. या प्रेमाला तोड नाही. सुखडी म्हणजे गव्हाचे पीठ, गूळ आणि तूप: न विटणारे, पोटभरीचे, प्रवासाला उत्तम. मधुमेह्याने तीन दिवस सुखडीच खाल्ली तर काय होईल ते सांगावयास नको. आणि याच्या नेमके उलटही घडते. जो मनुष्य सवयीने सकाळी गोळी घेतो किंवा सुई टोचतो, आणि मग दिवसभर होडीची वाट पाहत उपाशी राहतो, त्याची साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, जीभ अडखळते, तो भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, आणि बाजूचे लोक त्याला भीतीने वेड लागले असे समजतात. त्या वेळी त्याला वाचविणारी वस्तू म्हणजे तीच सुखडी, किंवा मूठभर साखर. एकच पाकीट एका गच्चीवर अपाय करते आणि दुसरीवर प्राण वाचविते. कोणाला काय द्यावयाचे हे ठरविण्यासाठी तो कोण आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

पायांची गोष्टही तशीच. जुन्या मधुमेह्याच्या तळपायाची संवेदना मंद झालेली असते. कमरेइतक्या गढूळ पाण्यातून चालताना काच किंवा पत्रा लागला तरी त्याला कळत नाही; आणि कळले तेव्हा जखम चिघळलेली असते. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस हा तापही फिरत असतो, त्याचे जंतू अशाच पाण्यातून आणि अशाच जखमेवाटे शरीरात शिरतात. पूर ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्याचा पाय कापावा लागला तर तो पूरग्रस्त म्हणून कोण लिहून घेतो?

औषधांच्या दानातही असाच विवेक लागतो. १९८८ च्या डिसेंबरात आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे पाच हजार टन औषधे तेथे जाऊन पडली. त्यांतील फार थोडी ताबडतोब उपयोगात आणता आली. नावे परक्या भाषांत, मुदती संपलेल्या, आणि केवळ निवड करण्यातच पन्नास माणसांचे सहा महिने गेले. या अनुभवानंतर १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम घालून दिले. इन्सुलिनच्या बाबतीत तर आपल्याकडे एक विशेष पेच आहे. भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० एककांचे असते आणि त्याच मापाची सिरिंज वापरली जाते. परदेशांत ते १०० एककांचे असते. परदेशी कुपी आणि देशी सिरिंज एकत्र आली आणि कोणी डोळे झाकून नेहमीच्या रेघेपर्यंत भरले, तर रुग्णाला अडीच पट मात्रा जाते. दात्याच्या मनात करुणा आणि हातात मृत्यू, असा प्रकार.

आता राहिली थंडाव्याची गोष्ट. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश उष्णतामानात ठेवावे, ते गोठू देऊ नये, असे प्रत्येक वेष्टनावर लिहिलेले असते आणि ते योग्यच आहे. परंतु या सूचनेचा धसका असा बसला आहे की वीज जाऊन दोन दिवस झाले म्हणजे कित्येक घरांत चांगली कुपी फेकून दिली जाते, आणि रुग्ण सुईविना राहतो. कोणी ती वाचविण्यासाठी थेट बर्फात रोवून ठेवतो. गोठलेले इन्सुलिन तर खरोखरच निरुपयोगी होते. केनियातील ददाब येथे निर्वासितांची फार मोठी छावणी आहे. तेथील तंबूंत फ्रीज कोठून असणार? ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तेथील तंबूतले उष्णतामान मोजले. ते रात्री पंचवीस आणि दिवसा सदतीस अंशांपर्यंत हेलकावत होते. तशाच हेलकाव्यात प्रयोगशाळेत चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनचा गुण उतरला नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. सुरतेचा ऑगस्ट याहून सौम्य असतो. तेव्हा दिवसाचे उष्णतामान एकतीस अंशांच्या आसपास असते. म्हणजे पुराच्या त्या चार-पाच दिवसांत सावलीत, कोरड्या जागी ठेवलेली कुपी टिकणारी होती. आपल्या आजीच्या माठालाही याच शास्त्राचा आधार आहे: मातीतून झिरपणारे पाणी उडून जाताना आतील वस्तू निववते. पावसाळ्याच्या दमट हवेत माठ उन्हाळ्याइतका गार होत नाही हे खरे. पण तेव्हा तितक्या गारव्याची गरजही नसते. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पाणी लागणार नाही अशा बेताने, ओल्या माठात ठेवावी, हा उपाय खेडोपाडी डॉक्टर पूर्वीपासून सांगत आले आहेत.

२००६ नंतर सुरतेने बरेच काही केले. २००८ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने आशियातील काही शहरांनी बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी एक जाळे उभारले; त्यात भारतातून प्रथम निवडल्या गेलेल्या तीन शहरांत इंदूर आणि गोरखपूर यांच्या जोडीने सुरत होते. शहरात त्यासाठी एक स्वतंत्र न्यास स्थापन झाला. उकाईच्या वरच्या खोऱ्यातील पावसापासून सुरतेतील गल्लीपर्यंत पुराची पूर्वसूचना कशी पोहोचवावी याची व्यवस्था उभी राहिली, आणि नागरी आरोग्य व हवामान यांचा एकत्र विचार करणारे केंद्रही निघाले. खानदेशात पडलेल्या पावसाची बातमी आता पाण्याच्या आधी येते. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या अखेरीस झालेला होता. मधुमेह आणि तत्सम रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम मात्र २०१० साली सुरू झाला. पुराच्या वेळी यांतील एक जेमतेम सात महिन्यांचा होता आणि दुसरा जन्मालाच आला नव्हता. आपत्तीची फाइल एका टेबलावर आणि मधुमेहाची दुसऱ्या टेबलावर, ही सरकारी रीत त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी चालूच राहिली.

ज्या यादीविना हे सर्व अडते, ती करता येते हे २०२० च्या साथीने सिद्ध केले. कोरोनाने मधुमेह्यांना अधिक धोका आहे हे कळताच देशभर महापालिकांचे कर्मचारी घरोघर गेले. महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविका आणि स्वयंसेवक उंबऱ्याशी उभे राहून विचारीत होते: घरात कोणाला मधुमेह आहे काय, रक्तदाब आहे काय, कोणते औषध चालू आहे? अवघ्या काही आठवड्यांत राज्यातील कोट्यवधी माणसांना हा प्रश्न विचारला गेला. मधुमेही कोणत्या गल्लीत, कोणत्या मजल्यावर राहतो, हे त्या वेळी प्रथमच कोणी तरी लिहून घेतले. २०१९ साली पंचगंगा आणि कृष्णा यांच्या पुराने कोल्हापूर-सांगलीत होड्या गल्लोगल्ली फिरल्या तेव्हा तसा कागद नव्हता. २०२१ च्या जुलैत त्याच नद्या पुन्हा चढल्या, तेव्हा ते कागद करून वर्षही झालेले नव्हते. होडीत बसलेल्या माणसाच्या हाती ते देणे अवघड नव्हते. त्यासाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत ते नेणारे कोणी हवे होते.

कोणतीही यादी होईपर्यंत घरातल्या माणसांनी काय करावे, हे मधुमेहाचे डॉक्टर पावसाळ्यापूर्वी आता आवर्जून सांगतात. एक जलरोधक पिशवी उंच खुंटीला टांगून ठेवावी. तीत दोन आठवड्यांचे औषध, सिरिंज, साखर तपासण्याचे यंत्र आणि त्याच्या पट्ट्या असाव्यात. औषधाचे नाव, मात्रा आणि एककांचे माप ठळक अक्षरांत लिहिलेला कागद असावा, कारण मदतीला येणारा डॉक्टर परक्या राज्यातला असू शकतो. पाय झाकणारी बंद पादत्राणे बाजूला असावीत. शेजारच्या एका घराला, शक्यतो वरच्या मजल्यावरच्या, रुग्णाच्या आजाराची माहिती असावी. उकाईचे दरवाजे उघडल्याची सूचना आली की ही पिशवी घेऊन आधी वर जावे, भांडीकुंडी मागाहून. आणि त्या पिशवीत, सुरतेच्या रिवाजाला धरून, दोन मुठी साखरही बांधलेली असावी.